‘मुहेर’ आणि ‘एस्पोसा’

माद्रिदमधील एखादा गृहस्थ चारचौघांत आपल्या पत्नीची ओळख करून देतो तेव्हा ‘मी मुहेर’ असे म्हणतो. शब्दशः पाहिले तर ‘माझी स्त्री’ असा त्याचा अर्थ होतो. पण त्यात उणे काही आहे असे तेथे कोणालाच वाटत नाही. हाच गृहस्थ मेक्सिकोला गेला आणि तेथील एखाद्या कुटुंबात त्याने त्याच शब्दांत ओळख करून दिली, तर यजमानांना ते किंचित राकट वाटण्याचा संभव असतो. क्वचित अशी शंकाही डोकावते की, या बाईंशी याचे रीतसर लग्न झाले आहे ना? मेक्सिकोचा माणूस स्वतः ‘मी एस्पोसा’ म्हणतो. उलट हा मेक्सिकन माद्रिदला येऊन घरगुती बैठकीत ‘मी एस्पोसा’ म्हणू लागला, तर माद्रिदकरांना ते पुस्तकी वाटते. आपल्याकडे एखाद्याने मासळीबाजारात उभे राहून ‘माझी धर्मपत्नी’ म्हणावे, तसे. चिलीच्या सान्तियागो शहरात तिसराच प्रकार आहे. तेथे नवरा ‘मी सेन्योरा’ म्हणतो, आणि त्याची सेन्योरा त्याला साधेपणाने ‘मी मारीदो’ म्हणते.

स्पॅनिश ही आज वीस देशांची राजभाषा आहे. व्याकरण एक, लिपी एक, ‘आमच्या बापा’ची प्रार्थनाही बहुतांशी एकच. मग संसारातील सर्वांत जवळच्या माणसाचा उल्लेख करण्यातच इतका फरक का पडावा? शब्दकोश अर्थ सांगून मोकळे होतात. कारण सांगत नाहीत. आमच्या मते त्याचे बरेचसे कारण विवाहसंस्काराच्या इतिहासात आहे. कोणाचे लग्न वेदीसमोर लागू शकले आणि कोणाचे लागू शकले नाही, त्यानुसार हे शब्द वर चढले किंवा खाली घसरले. (हे शब्द आम्ही येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहोत. त्यांतील ‘ह’ घशातून, थोडा खरखरीत उच्चारावयाचा.)

प्रथम मुळाकडे वळू. अभिजात लॅटिनमध्ये नवऱ्याला ‘मारितुस’ आणि बायकोला ‘उक्सोर’ असे शब्द होते. ‘मारितुस’चा ‘मारीदो’ झाला. ‘उक्सोर’ मात्र इबेरियाच्या लोकभाषेत तगला नाही. आजच्या स्पॅनिशमध्ये तो पत्नीहत्येच्या कायदेशीर संज्ञेत तेवढा शिल्लक आहे; एका शब्दाची याहून करुण गती कोणती असेल? त्याची जागा ‘मुलिएर’ म्हणजे स्त्री या साध्या शब्दाने घेतली. त्यापासून स्पॅनिश ‘मुहेर’ आणि पोर्तुगीज ‘मुल्येर’ हे शब्द झाले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपली ‘बायको’ ही पत्नी. पण अनेकवचन केले की ‘बायका’ म्हणजे सर्वच स्त्रिया. रेल्वेतील बायकांच्या डब्याला पत्न्यांचा डबा असे कोणी समजत नाही. १२०७ हे साल नोंदलेल्या प्रतीच्या आधारे आपल्यापर्यंत आलेल्या सिदच्या महाकाव्यात त्या शूर सरदाराची पत्नी हिमेना ‘मुहेर’च्याच जुन्या रूपाने येते आणि तिचा मान कोठेही कमी होत नाही.

‘एस्पोसो’ आणि ‘एस्पोसा’ यांचे कुळ वेगळे आहे. ‘स्पोन्देरे’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ गांभीर्याने वचन देणे. ज्याने वचन दिले तो ‘स्पोन्सुस’ आणि जिच्याबद्दल वचन दिले गेले ती ‘स्पोन्सा’. थोडक्यात, हे शब्द मूळचे वाङ्निश्चयाचे. लग्न पुढे व्हावयाचे असे. राजा दहावा आल्फोन्सो याने तेराव्या शतकात सिद्ध करविलेल्या ‘सिएते पार्तीदास’ या सात भागांच्या कायदेसंहितेचा चौथा भाग विवाहाविषयी आहे, आणि त्याचा आरंभच ‘देस्पोसोरियो’ म्हणजे वाङ्निश्चय या विषयाने होतो. लग्नाला मातेवरून ‘मात्रिमोनियो’ का म्हणावे, पित्यावरून नाव का देऊ नये, याचीही चर्चा त्याच भागात आहे. मूल उदरात वाढवणे, त्याला जन्म देणे आणि लहानाचे मोठे करणे यांत आईचे कष्ट अधिक, म्हणून नाव आईचे, असे तेथे कारण दिले आहे. तेराव्या शतकातील कायदेपंडितांनी एवढे लिहून ठेवावे याचे आम्हाला कौतुक वाटते. त्यांनी ते व्यवहारात किती उतरवले, हा प्रश्न निराळा.

पवित्र मरीयेची योसेफाशी मागणी झालेली होती, असे आपण शुभवर्तमानात वाचतो. स्पॅनिशमध्ये ती ‘देस्पोसादा’ आणि योसेफ हा तिचा ‘एस्पोसो’. भक्तीच्या भाषेत संत योसेफासाठी हाच शब्द रूढ झाला. १५५५ साली भरलेल्या मेक्सिकोच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने संत योसेफाला तेथील ख्रिस्तसभेचा आश्रयदाता मानले, आणि पुढील पिढ्यांच्या कानांवर ‘एस्पोसो’ हा शब्द प्रार्थनांतून सतत पडत राहिला. मागणी झालेल्या वराचा शब्द पुढे लग्न झालेल्या पतीलाही लागू व्हावा, हे आपल्यालाही अपरिचित नाही. मांडवात उभा असतो तोही ‘नवरा’, आणि पन्नास वर्षे संसार करून ओटीवर बसलेला असतो तोही ‘नवरा’च.

या शब्दाला उंची दिली ती मात्र स्पेनच्या संतांनी. आविलाच्या संत तेरेजा यांनी १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक दुर्ग’ या ग्रंथात आत्म्याचा परमेश्वराकडे होणारा प्रवास सात दालनांतून दाखवला आहे. पाचव्या दालनात त्यांनी तत्कालीन स्पॅनिश कुटुंबांतील मुलगा-मुलगी पाहण्याच्या भेटीचा दाखला घेतला आहे. सहाव्यात वाङ्निश्चय होतो आणि सातव्यात विवाह. पाहणे, मागणी आणि लग्न या तीन पायऱ्या वसईच्या कोणत्याही आजीबाईला समजावून सांगाव्या लागणार नाहीत! क्रूसभक्त संत योहान यांनीही आपल्या आध्यात्मिक गीतात आत्म्याला वधू आणि ख्रिस्ताला वर मानून ‘एस्पोसा’ व ‘एस्पोसो’ हेच शब्द योजले. मठातील धर्मभगिनी तर ख्रिस्ताची ‘एस्पोसा’ म्हणूनच ओळखली जात असे. याउलट ‘मुहेर’ आणि ‘मारीदो’ हे चुलीपाशी, शेतात आणि बाजारात वावरत राहिले. फ्राय लुईस दे लेओन यांनी १५८३ साली एका विवाहित स्त्रीसाठी गृहिणीधर्मावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात त्यांनी ‘एस्पोसा’ घातले नाही. ‘कासादा’ म्हणजे लग्न झालेली असा शब्द घेतला. हा शब्द ‘कासा’ म्हणजे घर यावरून आलेला. ज्याचे लग्न झाले त्याला स्वतःचे घर हवे, अशी म्हण स्पेनमध्ये आजही ऐकू येते. आपल्या ‘घरधनी’ आणि ‘घरकरीण’ या शब्दांचे हे दूरचे नातलग म्हणावयास हरकत नाही.

सामान्य माणूस आपल्या बायकोला काय म्हणत होता, याचा एक मौजेचा पुरावा सेर्व्हान्तेस यांच्या ‘दोन किहोते’मध्ये सापडतो. त्यातील सांचो पान्सा हा शेतकरी आपल्या पत्नीचा उल्लेख ‘मी ओइस्लो’ असा करतो. ‘ओइस्लो’चा शब्दशः अर्थ ‘ऐकता का?’ नाव न घेता एकमेकांना हाक मारता मारता ती हाकच बायकोचे नाम होऊन बसली! ‘अहो, ऐकलंत का’ ही आपल्या आजी-आजोबांची हाक ज्यांच्या कानांत आहे, त्यांना ला मांचाच्या त्या उजाड माळावरचे हे खेडवळ जोडपे परके वाटणार नाही. आज स्पेनमध्ये हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. कोशांनी तो जपला, एवढेच.

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येत आहोत. मध्ययुगात विवाहाचा प्राण म्हणजे वधूवरांची परस्परसंमती, ही ख्रिस्तसभेची शिकवण होती आणि ती आजही आहे. परंतु त्या काळी ही संमती धर्मगुरूवाचून, साक्षीदारावाचून, एखाद्या बागेत किंवा अंधाऱ्या खोलीत दिली तरी विवाह ग्राह्य ठरत असे. पुढे ‘मी लग्न करीन’ असे भविष्यकाळी वचन आणि ‘मी तुझा स्वीकार करतो’ असे वर्तमानकाळी वचन, या दोहोंत धर्मपंडित भेद करीत. पण प्रत्यक्ष काय बोलणे झाले, हे सिद्ध करावे कसे? पुरुष मागाहून नाकबूल झाला की स्त्रीचे आयुष्य उद्ध्वस्त होत असे. ‘दोन किहोते’च्या १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात दोरोतेआ नावाच्या श्रीमंत शेतकऱ्याच्या मुलीची कथा आहे. उमराव घराण्यातील फेर्नान्दो तिला रात्री एकांतात लग्नाचे वचन देतो, पवित्र मरीयेच्या प्रतिमेला साक्षी ठेवतो, आणि मग निघून जातो. पुढे ती त्याला सर्वांसमोर गाठून आपण त्याची खरी ‘एस्पोसा’ असल्याचा हक्क सांगते. तिच्या तोंडी हा शब्द वचनाचा शब्द म्हणून येतो, आणि त्यातच तिचा सारा दावा सामावलेला आहे.

अशा दोरोतेआंसाठीच त्रेंतच्या विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहविषयक आज्ञापत्र काढले. धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर आणि दोन किंवा तीन साक्षीदारांसमोर संमती दिल्याविना विवाह होणार नाही, असे त्यात ठरले. तीन वेळा जाहीर पुकारा आणि विवाहनोंदीची वही या गोष्टीही त्यातच सांगितल्या आहेत. आमच्या कार्यालयांतील जाडजूड विवाहनोंदवह्यांमागे हीच आज्ञा आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने पुढच्याच वर्षी, १५६४ साली, त्रेंतचे निर्णय आपल्या राज्यात लागू केले. स्पेनमध्ये याचा परिणाम असा झाला की, वाङ्निश्चय आणि विवाह यांतील जुना संदिग्ध मुलूख आटत गेला. खेड्याखेड्यांत चर्च होते, धर्मगुरू होता. ज्याला लग्न करावयाचे त्याने चार पावले चालून वेदीसमोर जावे. बहुतेक सर्व जोडपी वेदीसमोरच लग्न झालेली असल्यावर ‘मुहेर’ म्हणताच ‘लग्नाची’ हा अर्थ आपोआप येई. निराळ्या भारी शब्दाची गरजच उरली नाही.

नव्या जगात मात्र ती चार पावले शेकडो कोस झाली.

फ्रान्सिस्कन प्रेषितांनी मेक्सिकोत काम सुरू केले तेव्हा त्यांच्यापुढील पहिला पेच शब्दाचाच होता. तेथील सरदारांना अनेक स्त्रिया असत. त्यांपैकी ‘मुहेर’ कोणती? हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा झाला की तो थेट रोमपर्यंत गेला. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली निर्णय दिला की, बाप्तिस्मा घेणाऱ्याने सर्वांत आधी जिच्याशी विवाह केला तिलाच पत्नी म्हणून ठेवावे. पहिली कोणती ते आठवतच नसेल तर त्यांपैकी एकीची निवड करावी. पोप पाचवे पायस यांनी १५७१ साली त्यात आणखी सवलत दिली. हे दोन्ही निर्णय १५८५च्या तिसऱ्या एका निर्णयासह १९१७ सालच्या धर्मसंहितेतही उल्लेखिले होते, आणि आमच्या पिढीच्या सेमिनरीतील अभ्यासात ते नावानिशी पाठ करावे लागत. तेव्हा ते आम्हाला निव्वळ कलमे वाटत. पण क्षणभर विचार करावा: ज्या घरात पाच स्त्रिया नांदत होत्या, तेथे एक पत्नी ठरली तेव्हा उरलेल्या चौघींना त्या दिवसापासून कोणते नाव उरले? त्यांच्या मुलांना कोणते? एकपत्नीत्वाची शिकवण सत्य आहे यात आम्हाला शंका नाही. परंतु त्या शिकवणीची किंमत त्या चौघींनी मोजली, हेही इतिहासात लिहिले पाहिजे.

तेथील लोकांच्या नाहुआत्ल भाषेत जोडीदाराला ‘नामिक्’ म्हणत. समोर येणे, भेटणे या अर्थाच्या धातूपासून हा शब्द झालेला. नवरा आणि बायको दोघांनाही तोच. फ्रान्सिस्कन फ्राय आलोन्सो दे मोलिना यांनी १५५५ साली आणि पुढे वाढवून १५७१ साली छापलेल्या शब्दकोशात तो नोंदवला आहे. पण वेदीसमोर लग्न झालेला जोडीदार वेगळा दाखवावयाचा तर काय करावे? तेव्हा त्या शब्दाआधी ‘तेओयोतिका’, म्हणजे ‘पवित्र गोष्टींच्या योगे’, असे विशेषण जोडण्याची पद्धत पडली. नाहुआत्लमध्ये लिहिलेल्या कागदपत्रांत हा प्रयोग पुनःपुन्हा येतो. साधा ‘भेटलेला’ आणि ‘पवित्र गोष्टींच्या योगे भेटलेला’ असे दोन दर्जे भाषेत पडले, ते येथेच.

दक्षिणेकडे पेरूच्या डोंगरांत लग्नाआधी काही काळ एकत्र राहून पाहण्याची जुनी चाल होती. येशूसंघीय फादर पाब्लो होसे दे आरियागा यांनी १६२१ च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर टीका केली आहे. ही चाल पुढे ‘सिर्विनाकुय’ या नावाने ओळखली गेली. त्यात ‘सेवा करणे’ हे स्पॅनिश क्रियापद आणि परस्परतेचा केचुआ प्रत्यय एकत्र आले आहेत. ‘एकमेकांची सेवा करणे’ असा त्याचा अर्थ. धर्मगुरू ज्याला पाप म्हणत होता, त्याला लोक त्याच्याच भाषेतील शब्द घेऊन इतके सुंदर नाव देत होते. विवाहपूर्व सहवासाला आम्ही अर्थातच मान्यता देऊ शकत नाही. परंतु त्या नावातील भाव मात्र कोणत्याही लग्नघराने उसना घ्यावा असा आहे.

यापलीकडे होते ते दारिद्र्य. डोंगरापलीकडच्या वस्तीवर धर्मगुरू वर्षातून एखाद्या वेळी पोहोचे. विवाहाची दक्षिणा गरिबांना जड जात असे, आणि ती अवाजवी घेतली जाते अशा तक्रारी वसाहतकाळात सतत होत राहिल्या. गुलामांना विवाहाचा अधिकार ख्रिस्तसभेचा कायदा देत होता. पण मालक जोडप्यातील एकाला दूरच्या मळ्यावर विकून टाकीत असे. १७७६ साली राजा तिसरा कार्लोस याने विवाहाला पालकांची संमती आवश्यक ठरवणारे फर्मान काढले आणि ते १७७८ साली अमेरिकेतील वसाहतींना लागू केले. त्यामुळे निरनिराळ्या वर्णांच्या जोडप्यांना मान्यता मिळणे आणखीच अवघड झाले. लाखो माणसे एका छपराखाली राहिली, मुले वाढवली, एकमेकांचे डोळे मिटले. पण नोंदवहीत त्यांचे नाव पतिपत्नी म्हणून कधी चढले नाही. ती पुरुषाची ‘मुहेर’ होती, तो तिचा ‘मारीदो’ होता. ज्यांची नावे चढली त्यांना मग वेगळेपण दाखवणारा शब्द हवासा वाटला. प्रार्थनेतून आणि मठातून उजळून आलेला ‘एस्पोसा’ हा शब्द हाताशी होताच.

आमचे अनुमान आहे ते असे. वसाहतीच्या समाजात दरबारी आदरार्थी शब्दांची आवड एकूणच अधिक होती, हेही एक कारण खरे. तरी मध्य अमेरिकेत आणि कॅरिबियन किनाऱ्यावर आजही आढळणारा भेद याकडेच बोट दाखवतो. तेथे अनेक ठिकाणी ‘एस्पोसो’ म्हणजे लग्नाचा नवरा, तर ‘मारीदो’ म्हणजे नुसता एकत्र राहणारा पुरुष, असा अर्थ बोलण्यात येतो. व्हेनेझुएलात आणि कोलंबियात ‘नोव्यो’ म्हणजे प्रियकर आणि ‘मारीदो’ यांची सांगड घालून ‘मारीनोव्यो’ असा शब्दच लोकांनी बनवला आहे. एल साल्वादोरमध्ये लग्नावाचून एकत्र राहणाऱ्यांना ‘आकोम्पान्यादोस’, म्हणजे सोबत असलेले, म्हणतात. स्पेनमध्ये ‘मारीदो’ला अशी कसलीच छाया नाही.

बाकीचे प्रांतिक शब्द मौजेचे आहेत. मेक्सिकोत नवरा-बायको एकमेकांना ‘मी व्येहो’ आणि ‘मी व्येहा’, म्हणजे माझा म्हातारा आणि माझी म्हातारी, असे विशीपासूनच म्हणू लागतात. आर्जेन्टिनात ‘ला पात्रोना’ म्हणजे मालकीण. आपल्या घाटावरच्या ‘कारभारणी’ची ही सख्खी बहीण. बुएनोस आयरेसच्या गल्ल्यांतील बोलीत शब्दांची अक्षरे उलटी करण्याची खोड आहे, त्यामुळे ‘मुहेर’ची ‘हेर्मू’ झाली. गंमत अशी की, त्याच शहरातील जुनी प्रतिष्ठित घराणी मात्र ‘मुहेर’ आणि ‘मारीदो’ यांवर अडून बसतात आणि ‘एस्पोसा’ म्हणणाऱ्याला नवश्रीमंत समजतात; म्हणजे मेक्सिकोतील शिष्टाचार तेथे नेमका उलटा होतो. स्पेनमध्ये थट्टेने बायकोला ‘ला पारिएन्ता’, म्हणजे नातेवाईक बाई, म्हणतात. ‘आमची मंडळी’ किंवा ‘आमचे कुटुंब’ म्हणणाऱ्या मराठी माणसाने त्यांना हसू नये. चिलीतील ‘सेन्योरा’ ही आपल्याकडील ‘आमच्या मिसेस’सारखी; फरक एवढाच की, पवित्र मरीयेला स्पॅनिश भाविक ज्या शब्दाने हाक मारतात, तोच हा शब्द आहे. ‘कोस्तीया’ म्हणजे बरगडी, हाही बायकोसाठी विनोदी शब्द आहे. तो कोठून आला हे उत्पत्तीच्या पुस्तकाच्या वाचकांना सांगावयास नको.

‘एस्पोसा’ शब्दाचे मात्र एक दुखणे आहे. त्याचे अनेकवचन ‘एस्पोसास’ म्हणजे पोलिसांच्या हातकड्या! नाव पडले ते थट्टेतूनच, आणि स्पॅनिश नवरे त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तेच ते विनोद करीत आले आहेत. अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ला हसणाऱ्यांना तो विनोद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लॅटिन अमेरिकेच्या काही भागांत याच शब्दाचा आणखी एक अर्थ कोशांत मिळतो: बिशपांच्या बोटातील अंगठी. बिशपांचा आपल्या धर्मप्रांताशी जणू विवाह झालेला असतो, ही जुनी कल्पना त्यामागे आहे. हातकडी, अंगठी आणि पत्नी तिघीही एका नावाच्या.

स्पॅनिश लग्नविधीतील शब्दांनी समुद्र ओलांडून आशियाचा किनाराही गाठला. विवाहाच्या मिस्सेत वधूच्या मस्तकावर व वराच्या खांद्यांवर एकच वस्त्र पसरून आशीर्वाद देण्याची स्पेनमध्ये प्रथा होती. त्यावरून विवाहित जोडीदाराला जुन्या भाषेत ‘वेलादो’ आणि ‘वेलादा’ म्हणत. आगमनकाळात आणि उपवासकाळात हा आशीर्वाद दिला जात नसे, त्यामुळे जुन्या नोंदींत एखादे जोडपे ‘विवाहित’ असते पण ‘वस्त्र पांघरलेले’ नसते. हे वस्त्र, तेरा नाणी आणि दोघांना एकत्र गुंफणारी माळ मेक्सिकोत व फिलिपाईन्समध्ये कॅथलिक लग्नांत अद्याप दिसतात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिलामध्ये ज्या फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तो स्पॅनिश प्रेषितांचा संघ होता. १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर प्राण देण्यापूर्वीची त्यांची काही वर्षे याच मंडळींत गेली. फिलिपाईन्समध्ये स्पेनची सत्ता १५६५ पासून १८९८ पर्यंत टिकली. तागालोग भाषेने देवाचे, भांड्यांचे, वारांचे असंख्य शब्द स्पॅनिशमधून घेतले. पण जोडीदारासाठीचा आपला ‘आसावा’ हा शब्द तिने सोडला नाही. नाहुआत्लच्या ‘नामिक्’प्रमाणे तोही नवरा व बायको दोघांना सारखाच लागू आहे.

स्पेनच्या कायद्यात मात्र ‘मारीदो’ आणि ‘मुहेर’ फार काळ एका पातळीवर नव्हते. १८८९ च्या दिवाणी संहितेत मारीदोने मुहेरचे रक्षण करावे आणि मुहेरने मारीदोची आज्ञा पाळावी, असे कलम होते. ते थेट १९७५ मध्ये रद्द झाले. पुढे १९८१ च्या दुरुस्तीत दोघांचे हक्क व कर्तव्ये समान असल्याचे लिहिले गेले. २००५ साली स्पेनने समलिंगी व्यक्तींच्या नागरी विवाहाला मान्यता दिली, तेव्हा त्या वाक्यातील दोन्ही शब्द काढून ‘कोन्युहेस’ हा एकच शब्द घालण्यात आला. त्या कायद्याबाबत ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. आम्ही येथे केवळ शब्दाकडे पाहतो. ‘कोन्युहे’ म्हणजे एका जुवाला जुंपलेला. रोमन काळातील हा बैलजोडीचा शब्द कायद्याच्या पुस्तकात शिरला, तरी घरी कोणी कोणाला ‘माझा कोन्युहे’ म्हणत नाही.

घरी आणि दारी आता दोन्ही खंडांत वाढत चाललेला शब्द आहे ‘पारेहा’, म्हणजे जोडी. ‘मी पारेहा’ म्हटले की बोलणाऱ्याचा जोडीदार पुरुष आहे की स्त्री, हे कळत नाही, कारण हा शब्द व्याकरणाने नेहमी स्त्रीलिंगीच राहतो. लग्न झाले आहे की नाही, तेही कळत नाही. त्यामुळे बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी आलेल्या आईने ‘मी पारेहा’ असे सांगितले की, नोंदवही उघडून बसलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.